पिवळा मडगार्ड

म्हापशात कुणालाही विचारा,
पुढचा मडगार्ड पिवळा म्हणजे पायलट.
मागे बसायचं, जागा सांगायची,
आणि आल्तिनोचा चढ आला की
न सांगता थोडं पुढे सरकायचं.

बाबा त्या स्टँडवर एकतीस वर्षं उभा राहिला.
शुक्रवारच्या बाजाराला त्याच्या मागे
चोरिसांच्या माळा बसल्या, पाय बांधलेले कोंबडे,
पेडण्याच्या मिरचीचं पोतं,
एकदा पितळी समई मांडीवर घेऊन
लग्नाला उशीर झालेली नवरी.
तो स्वतः मागे कधी बसला नाही.

गुडघे गेले तेव्हा गाडी माझ्याकडे आली.
नंबरप्लेट बदलली, कागद बदलले,
मडगार्ड मात्र रंगवून घेतला नाही.
का, ते आजही नीट सांगता येणार नाही.
कायतानच्या गॅरेजात काळा रंग डब्यातच सुकला.

बंदर अब्बासच्या धक्क्यावर कस्टमचा माणूस
कागदांपेक्षा मडगार्डकडे जास्त वेळ बघत होता.
टॅक्सी, मी म्हटलं.
त्यानं रिकाम्या सीटवर थाप मारली, भुवया उडवल्या:
मग माणूस कुठाय?

तो प्रश्न घेऊन मी आठशे किलोमीटर गेले.
एकटीच जाणार, असं घरी ठणकावून आले होते.
वाळवंटात मागच्या सीटवर वारा बसतो,
वजन देत नाही, उतरतही नाही.

मग रहमत बसला, पंक्चर झालेलं चाक कवटाळून.
मग एक शाळकरी पोरगा, परीक्षेला उशीर झालेला.
जॉर्जियात नातेला, होडीच्या आकाराचे गरम पाव घेऊन;
पुढच्या गावापर्यंत माझी पाठ शेकत आली.
आमच्या पदेराकडचा पाव चौकोनी असतो
हे तिला सांगायला मी हँडल सोडून
हवेत चौकोन काढला. ती किंचाळली.

आणि नारीनच्या वरच्या घाटात
एक म्हातारी, हातसुद्धा न दाखवता उभी.
मी थांबले, ती बसली. शालीत कोकरू.
बुरूलकान, तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं.
मी माझं नाव सांगितलं. आमची भाषा तिथे संपली.
थंडी वाजली तशी तिनं दोन्ही हात
माझ्या जाकिटाच्या खिशांत घातले,
जसे काही ते खिसे तिनंच शिवले होते.
चढ आला. ती थोडी पुढे सरकली.

त्या क्षणी आल्तिनो आठवला, असं लिहिलं तर
छान दिसेल, पण खोटं कशाला?
त्या क्षणी ब्रेक आठवला, आणि कोकराचा वास.
आल्तिनो रात्री आठवला,
तिच्या चुलीपुढे मोजे वाळत घातले तेव्हा.

परत आले तर बाबा स्टँडवरच,
प्लास्टिकच्या खुर्चीत, कायतानशी पत्ते खेळत.
कुठले देश, किती बर्फ, काही नाही.
"पसेंजर कितले मेळ्ळे?"
अकरा, म्हटलं. कोकरू धरून बारा.
"भाडें?"
मी पिशवी उलटी केली: सुकलेले जर्दाळू,
लोकरीच्या मोज्यांचा एकच पाय,
आणि एका पोराची खोडरबराची अर्धी चकती.
त्यानं मोजा नाकाशी नेला, बराच वेळ.
मग म्हणाला, "सुट्टे दिले मगो तांकां?"
आणि स्वतःच हसला.

मडगार्डचा पिवळा आता टवके उडून
खालचा पत्रा दाखवतो. त्यावरून बोट फिरवत
तो गाडीला वळसा घालून मागे गेला,
गुडघा हातानं उचलून चुकीच्या बाजूनं चढला.
सीट खाली दबली, मला तोल सावरावा लागला.

हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.
मांडीवर, मग कॅरिअरवर, मग हवेत.
एवढ्या उकाड्यात माझ्या अंगात जाकीट नव्हतं,
त्याला द्यायला खिसेच नव्हते.

इंजिन चालू. पहिला गिअर. मी थांबलेली.
कायताननं पत्त्यांतून मान वर केली:
"आरे सोयरू, आदीं सुवात सांग!"